सागरी महामार्गाची ‘समृद्धी’ करू नका

मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, मुंबई
यांस,

विषय : रेवस ते रेडी सागरी महामार्ग – वेग, थांबे आणि फेरीबोटी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्राखाली नागपूर दिसलं की हे समृद्धी महामार्गाच्या टोलबद्दल किंवा शक्तिपीठ महामार्गाबद्दल असणार, असं आपल्या कार्यालयात कुणालाही वाटेल. तसं नाही. हे पत्र रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने आपण आखत असलेल्या रस्त्याबद्दल आहे. ज्या शहरात शून्य मैलाचा दगड आहे आणि कुठल्याही दिशेला गेलं तरी दिवसभर समुद्र लागत नाही, तिथल्या बाईने कोकणच्या रस्त्यात नाक का खुपसावं, असा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे. पण त्याला कारण आपलंच महामंडळ आहे. ११ डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ ला थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत समृद्धी सुरू झाली, आणि ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याने समुद्र आमच्या सुट्टीत आणून बसवला.

पूर्वी आमच्याकडे समुद्र बघायला जाणं म्हणजे विदर्भ एक्स्प्रेसचं किंवा सेवाग्रामचं आरक्षण, मुंबईत कुण्या नातेवाइकाकडे मुक्काम, आणि पुढे एसटी. नागपूरहून गाडी काढून कोकणात जाणारा माणूस म्हणजे रजा भरपूर आणि कंबर मजबूत असलेला. बाकीच्यांनी फुटाळा तलावावर भेळ खाऊन लाटांची हौस भागवायची. आता शिवमडक्याला, समृद्धीच्या आमच्याकडच्या टोकाला, पहाटे गाडी चढवली की दुपारपर्यंत आमणे येतं. शनिवार-रविवारला एखादा सोमवार चिकटला, वर एक रजा टाकली, की आमच्या मनीषनगरच्या सोसायटीतल्या गाड्या एकेक करून गायब होतात आणि त्यांचे फोटो काशीदच्या किनाऱ्यावरून येतात. हे सगळं छान आहे. आपले आभार मानायचे राहून गेले असतील तर ते आधी मानते.

आता विनंती. सागरी मार्ग समृद्धीच्या वळणाने नेऊ नका.

समृद्धीला नावं ठेवायचा हेतू नाही. सरळ, रुंद, मध्ये गाव नाही, गाय नाही, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर नाही. सपाटीवर कारला ताशी १२० ची मुभा. नागपूरहून मुंबईकडे माल न्यायचा, पेशंट न्यायचा, लग्नाला वेळेवर पोचायचं, यासाठी असाच रस्ता हवा होता. पण तो बांधताना एक गोष्ट शेवटी आठवली, ती म्हणजे माणूस मध्ये थांबतो. पहिल्या काळात पंपाला पंप लागत नव्हता, चहा मिळत नव्हता आणि स्वच्छतागृहाचं तर विचारूच नका. पुरुष मंडळी गाडी कडेला घेऊन मोकळी व्हायची. मागच्या सीटवरच्या बायका पाण्याची बाटली हातात धरून, ती न पिता बसायच्या. माझ्या सासूबाई तर निघायच्या आदल्या रात्रीपासून चहा सोडायच्या. त्याच सरळ रस्त्यावर, न थांबता तासन्‌तास चालवून डोळे उघडे असूनही मेंदू झोपतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलंय. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताचा निवाडा मी करत नाही. पण विदर्भातल्या ज्या घरांतून लोक त्या रस्त्याने जातात, त्या घरांत ‘मध्ये थांबा बरं का’ हे वाक्य त्यानंतर निरोपाचा भाग झालं.

समृद्धीवर थांबायच्या जागा मागाहून आल्या, अजून येताहेत. तो पोचायचा रस्ता असल्याने ते एकवेळ खपून गेलं. सागरी मार्गावर ते खपणार नाही, कारण त्या रस्त्यावर माणसं थांबण्यासाठीच जातात.

आरे-वारेचं उदाहरण घ्या. रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे जाणारा हा रस्ता काही किलोमीटर डोंगराच्या कडेने चढतो, आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली उघडतात. नकाशात तो अर्ध्या तासाचा आहे. प्रत्यक्षात अर्ध्या तासात तिथून जाणारा माणूस एकतर गणपतीपुळ्याच्या भटजींना ओळखतो किंवा त्याला समुद्र आवडत नाही. सगळे थांबतात. कुठे थांबतात? वळणावर. कारण दृश्य वळणावरच आहे. अर्धी गाडी डांबरावर, अर्धी मातीत, मुलं दार उघडून रस्त्याच्या बाजूला उतरणार, बाप उलटं चालत फोटो काढणार आणि समोरून एसटी येणार. सुट्टीच्या संध्याकाळी हा खेळ सूर्य बुडेपर्यंत चालतो. दिवेआगरहून श्रीवर्धनला आरवी, कोंडिवली, शेखाडीवरून जाणाऱ्या रस्त्याचंही तेच. तिथे तर समुद्र इतका जवळ आहे की उधाणाला काचेवर खारं पाणी येतं.

इथे एक बारीकसा मुद्दा आहे, जो मला किनाऱ्यावर गाडी चालवल्याशिवाय कळला नसता. आपल्या कोकणाचा समुद्र पश्चिमेला आणि आपण गाडी डावीकडून चालवतो. म्हणजे अलिबागकडून दक्षिणेला निघालात की समुद्र उजव्या हाताला, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे. बघायला थांबायचं तर वळणावर समोरची लेन कापून जावं लागतं. तोच रस्ता दक्षिणेकडून उत्तरेला धरा, समुद्र डाव्या हाताला, तुमच्या दारापाशी. गाडी नुसती डावीकडे घ्यायची. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड हा २४३ किलोमीटरचा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बांधला, आपल्या मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. तिथेही वाहतूक डावीकडून, आणि लोक टॉर्केहून पश्चिमेला निघतात तेव्हा समुद्र त्यांच्या डावीकडे असतो. कॅलिफोर्नियात गाड्या उजवीकडून चालतात म्हणून तिथले लोक नेमके उलटे, उत्तरेकडून दक्षिणेला जाणं पसंत करतात. जगभर सुट्टीवरचा माणूस हा हिशोब करतो. आपल्याकडे मात्र सगळी मुंबई, सगळं पुणे आणि आता सगळं नागपूर वरून खाली येतं, चुकीच्या लेनमध्ये.

नागपूरकरांना तर याचा सोपा तोडगा आहे आणि तो मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटले आहे. जाताना समृद्धीने जाऊच नका. बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा रत्नागिरी–नागपूर महामार्ग आहे. वाटेत तुळजाभवानी आणि अंबाबाई दोन्ही होतात, म्हणजे घरातल्या मोठ्यांची संमती बसल्याजागी मिळते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला या, मग किनाऱ्याने समुद्र डावीकडे ठेवत वर अलिबागपर्यंत जा, आणि घरी येताना समृद्धी पकडा. परतीला घाई असते, तेव्हा वेगाचा रस्ता कामी येतो. हा फेरा दोन दिवसांत होत नाही हे कबूल. पण नागपूरकराचा वीकेंड चार-पाच दिवसांचाच असतो, आमच्या भूगोलाने तो तसा केलाय.

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच, की उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूला साधे डावे थांबे पुरतील, पण दक्षिणेकडे जाणाऱ्यांना समुद्राकडच्या थांब्यात वळायला वळणाच्या आधी, सरळ भागात, उजवीकडे वळायची वेगळी जागा लागेल. हे आत्ता आराखड्यात बसवता येतं. रस्ता झाल्यावर बसवायचं म्हटलं की डोंगर फोडा किंवा भराव टाका, दोनच पर्याय उरतात.

आता कोकणातला माणूस मला काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे, कारण तो ते तोंडावर म्हणालेला आहे. बाणकोटच्या खाडीत फेरीबोटीची वाट बघत उभे असताना मी सहज बोलून गेले की किती छान, इथे पूल नाही ते बरंच आहे. शेजारी दुचाकीवर बसलेले काका म्हणाले, “ताई, तुम्ही वर्षातून एकदा येता. माझ्या आईला रात्री छातीत दुखलं तेव्हा ही बोट बंद होती.” त्यावर मला काही बोलता आलं नाही, आणि आजही या पत्रात पूल नको असं मी लिहिणार नाही. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून कोकण या रस्त्याची वाट बघतंय. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, या प्रत्येक खाडीने दोन शेजारी तालुक्यांना परके करून ठेवलंय. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं आणि रस्त्याने जायचं तर आत महामार्गापर्यंत वळसा. बाणकोटच्या खाडीत अर्ध्यावर राहिलेल्या पुलाचे खांब वर्षानुवर्षं लोक बघत आले. पूल व्हायलाच हवेत, आणि लवकर.

पण पूल म्हणजे वेग नव्हे. खाडीवरचा पूल दुपदरी असला तरी रुग्णवाहिका जाते. पुलाच्या दोन्ही बाजूंना गावातून जाणारा रस्ता चौपदरी केला, तर मात्र तो गावाच्या अंगावरून जातो. केळशी, मुरुड, दिवेआगर, गुहागर ही गावं बघा. एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा, दुसऱ्या बाजूला गडगा, मध्ये दोन गाड्या जेमतेम निघतील एवढा रस्ता आणि वर पोफळी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे तिकडे नावाजलेला माल, तिची पन्नास-पन्नास वर्षांची झाडं एका दुपारी गेली. लोकांनी पुन्हा रोपं लावली. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं सहज जातात. म्हणजे ती नवी झाडं आता कुठे उत्पन्न द्यायला लागतील, आणि नेमक्या त्याच वेळी रुंदीकरणाची आखणी करणारे लोक चुन्याची पिशवी घेऊन बागेत यायचे. गावाला वळसा घालून डोंगराच्या पायथ्याने बाह्यवळण द्या, गावातला रस्ता गावाला ठेवा.

आणि वेगच हवा असेल त्यांच्यासाठी वेगळे रस्ते आहेत की. मुंबई–गोवा महामार्ग आहे. तो पूर्ण व्हायला लागलेली वर्षं मोजायला इथे जागा पुरणार नाही. पनवेलकडून सिंधुदुर्गात जाणारा कोकण द्रुतगती महामार्ग आपल्याच महामंडळाच्या कागदावर आहे. शक्तिपीठ झाला तर तो पवनारहून पत्रादेवीपर्यंत जाईल. त्याच्यावरून कोल्हापूरकडचे शेतकरी काय म्हणताहेत तो विषय मोठा आहे आणि इथे नको. गोव्याला लवकर पोचायचंय त्याने यातला कुठलाही धरावा. कोकणपट्टी रुंदीला मुळात केवढीशी! त्यात उत्तर-दक्षिण जाणारा प्रत्येक रस्ता जलदच असावा, असा हट्ट कशाला?

हट्ट सोडता येतो, आणि तो कायद्याने सोडता येतो. कॅलिफोर्नियाचा स्टेट रूट १ हा पॅसिफिकच्या काठाने जाणारा रस्ता सगळ्या जगाच्या कॅलेंडरवर असतो. त्यातला बिग सरचा अवघड टप्पा १९३७ मध्ये खुला झाला, बिक्सबी पुलाची कमान त्याच्या पाच वर्षं आधीची. पुढे गाड्या वाढल्या, रुंदीकरणाचा आग्रह वाढला. तेव्हा तिथल्या विधिमंडळाने १९७६ च्या किनारा कायद्यात लिहून टाकलं, की किनारपट्टीच्या ग्रामीण भागात हा रस्ता निसर्गरम्य आणि दुपदरीच राहावा असा आमचा हेतू आहे. अमेरिकेसारख्या देशात, जिथे मोटारीला कुणी नाही म्हणत नाही! पैसा नव्हता म्हणून हे झालं असं कुणी म्हणू शकणार नाही. तो रस्ता रुंद केला तर लोक ज्यासाठी येतात तेच उरणार नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं.

त्याच रस्त्याकडून दुसरा धडाही घेण्यासारखा आहे. तिथला डोंगर समुद्रात उतरतो आणि पावसात सरकतो. मे २०१७ मध्ये मड क्रीकपाशी एवढी दरड आली की रस्ता वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. आपल्या कोकणात तर पाऊस चार महिने दम घेत नाही. वर जांभा, खाली मऊ माती. पायथा जास्त कापला की वरचं सगळं खाली येतं, हे परशुराम घाटाने दरवर्षी दाखवलंय. रस्ता जितका रुंद तितका डोंगर जास्त कापावा लागतो, आणि समुद्राच्या बाजूला भराव आणि भिंत जास्त लागते. भिंत बांधली की तिथली वाळू दुसरीकडे जाते, सुरूच्या बनाच्या मुळ्या उघड्या पडतात. केळशीला वाळूची जी जुनी टेकडी आहे, तिचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केलाय. तिच्या थरांत शेकडो वर्षांचा इतिहास दडलेला आहे. अशा जागेजवळून रस्ता नेताना यंत्र चालवणाऱ्याला कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं.

रात्रीच्या दिव्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याबद्दल बोलणारं कुणी भेटत नाही. आमच्याकडे आमदार निधी म्हणजे हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे झगझगीत दिवे, हे समीकरण पक्कं आहे. चौक दिसला की खांब, देऊळ दिसलं की खांब. ही हौस किनाऱ्यावर पोचू देऊ नका. वेळास, आंजर्ले, केळशी, हरिहरेश्वर, दिवेआगर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास म्हणजे नाना फडणविसांचं गाव, पण आता तिथे लोक जातात ते कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. गावकऱ्यांनी घरं उघडली, पाहुणे ठेवले, गावात चार पैसे आले. ती पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे चालू लागतात. एरवी तो उजेड समुद्राच्या बाजूचा असतो. रस्त्याच्या कडेला पांढराशुभ्र एलईडी लावला की ती रस्त्याकडे येतात. म्हणून समुद्राकडच्या अंगाला दिवे नकोत. लागलेच तर खाली तोंड केलेले, पिवळसर, बुटक्या खांबांवरचे.

आता आमच्या लोकांबद्दल. दर हंगामात एखादी तरी बातमी येते, की पर्यटकांची गाडी हर्णैच्या नाहीतर काशीदच्या वाळूत रुतली आणि भरतीने अर्धी गिळली. पोलीस गुन्हे नोंदवतात, स्थानिक लोक ट्रॅक्टर आणि दोरखंड घेऊन धावतात. त्या गाड्यांमध्ये एमएच ३१ किंवा एमएच ४९ दिसली की आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण यात नुसता माज नसतो, अज्ञानही असतं. आमच्या अंबाझरी तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. समुद्र दर सहा तासांनी जागा बदलतो आणि पौर्णिमा-अमावास्येला तो जास्तच पुढे येतो, हे विदर्भातल्या पोराला कोण सांगणार? शाळेत भरती-ओहोटी दोन मार्कांना होती. तेव्हा किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक फाट्यावर, वाळू सुरू व्हायच्या बरंच आधी, वाहनतळ द्या आणि पुढे गाडी जाणारच नाही असे दगडी अडसर. शेजारी फळ्यावर खडूने लिहिलेलं असो की मोबाइलवर बघायचं असो, आजच्या भरतीची वेळ. वाळूवर गाडी नेणाऱ्याला दंड जरूर करा. पण वाहनतळच नसेल तर गाडी ठेवायची कुठे, हा त्याचा प्रश्नही खोटा नाही. आज तो गावातल्या कुणाच्या तरी दारात लावतो, आणि मग त्या घरच्या माणसाला आपलीच दुचाकी बाहेर काढता येत नाही.

थांबे मागताना मला काचेचे पूल, आकाशात लटकणारे सज्जे आणि ‘आय लव्ह’ लिहिलेली लाल अक्षरं अजिबात अभिप्रेत नाहीत. चार-सहा गाड्या नि एक बस मावेल एवढी मुरमाची जागा, बसायला जांभ्याचा कट्टा, एक झाड, आणि रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह. बायकांसाठी दाराला आतून कडी असलेलं, हे सांगावं लागू नये पण सांगते. तिथे मोठ्या हॉटेलवाल्याला ठेका देऊ नका. जवळच्या गावातल्या बचतगटाला एक गाळा द्या. घावणे, सोलकढी, आंबोळी, उकडीचे मोदक, हंगामात फणस; एवढ्यावर नागपूरचा माणूस खुश आहे. (तिखट कमी पडलं तर तो स्वतःच्या डब्यातला सावजी मसाला काढतो, त्याची काळजी नको.) वेगाने जाणारी गाडी कोकणात फक्त धूर ठेवून जाते. थांबणारी गाडी कोकमाच्या आगळाची बाटली, काजू, जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे ठेवून जाते. समृद्धीवर कारला नागपूर ते आमणे चौदाशेहून जास्त टोल पडतो. त्यातला एक रुपयाही वाटेतल्या चहावाल्याला मिळत नाही. सागरी मार्गावर हिशोब उलटा असू द्या.

आणि फेरीबोटी. पूल झाले की त्या तोट्यात जातील आणि बंद पडतील, हे दिसतंय. पण गाडी बोटीत चढवून, इंजिन बंद करून, दार उघडून कठड्याशी उभं राहायचं, आणि दहा-पंधरा मिनिटांत दुसऱ्या तालुक्यात उतरायचं, हा आमच्यासाठी प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद असतो. माझ्या घरातल्या लहानांना जंजिऱ्याचा इतिहास आठवत नाही, पण दाभोळची बोट आठवते. पूल स्थानिकांसाठी आणि चोवीस तासांसाठी असू द्या. बोटी दिवसा पर्यटकांसाठी चालू राहतील अशी काही व्यवस्था महाराष्ट्र सागरी मंडळाशी बोलून आत्ताच करा. बोटीवर चालणाऱ्या माणसांची पोटंही त्यावर आहेत. आज निदान एवढं तरी व्हावं, की शेवटची बोट किती वाजता आहे हे खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आधी, वीस-पंचवीस किलोमीटर अलीकडच्या फाट्यावर पाटीवर दिसावं. संध्याकाळी जेट्टीवर पोचून बोट गेलेली कळणं आणि मग अंधारात घाटातून वळसा मारणं, यात कुठलंही पर्यटन नाही.

माझं मागणं थोडक्यात एवढंच आहे की आराखडा अंतिम करण्याआधी कुठल्या वळणांवर थांबे धरलेत, कुठल्या गावांना बाह्यवळण आहे आणि कुठे रस्ता किती पदरी आहे, याचा नकाशा लोकांसमोर ठेवा. तहसील कचेरीत लावा, ग्रामपंचायतीत लावा, संकेतस्थळावर मराठीत टाका. किनाऱ्यावरचे लोक त्यात चुका दाखवतील, आणि त्या खऱ्या असतील. आम्ही बाहेरचे, आमचं मत त्यांच्यानंतर. तरी गाडीच्या काचेतून जे दिसतं ते आम्हालाही सांगता येतं. दिवाळीनंतर आम्ही सोसायटीतल्या तीन-चार गाड्या मिळून रत्नागिरीहून वर यायचं ठरवतोय. तोवर नकाशा आला तर कुठे मोठी बस वळते, कुठे नाही, कुठल्या वळणावर समोरचं दिसत नाही, हे टिपून फोटोंसकट पाठवू. आपल्या अभियंत्यांना उपयोग झाला तर झाला.

दिव्यांचं मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नये. कासवांचा हंगाम नोव्हेंबरमध्येच सुरू होतो.

कळावे,
आपली विश्वासू,
मनीषनगर, नागपूर येथील एक गाडीचालक